पाऊण तासात परत येणारी वाटी

दोह्याच्या अल हिलाल भागातल्या आमच्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. त्यांना वाटीभर काही पाठवलं की वाटी पाऊण तासात परत यायची. घासलेली, पुसलेली, आत मूठभर काहीतरी, आणि वर चिठ्ठी. पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "वाटी एक, स्टील. आमरस मिळाला. हापूस नव्हे. तक्रार नाही. सोबत शेंगदाणे."

आमरस पाकिस्तानी आंब्यांचा होता हे खरं. जुलै महिन्यात दोह्यात दुसरा आंबा आणायचा कुठून? आणि मी काही तो हापूसचा आहे असं म्हटलं नव्हतं. "घ्या भाऊजी, गावाची आठवण येईल," एवढंच म्हटलं होतं. फक्त म्हणताना आवाजात थोडा हापूस मिसळला होता. गुहागरच्या माणसाला आंब्यात फसवायला निघालेली मी, नाशिकची. त्या चिठ्ठीचा मला इतका राग आला की शेंगदाणे मी कुणालाही न देता उभ्या उभ्या संपवले.

मुलं त्यांना वरचे काका म्हणायची. त्यांची बायको आणि आई गुहागरला, मुलगा पुण्यात. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण घरमालकाच्या वहीत नोंद 'बॅचलर' अशीच, कारण कुटुंब सोबत नसलेला प्रत्येक पुरुष इथे बॅचलर. हमद पोर्टला एका शिपिंग एजंटकडे ते कागदपत्रं बघायचे. जहाज धक्क्याला लागलं की त्याचे कागद किती तासांत फिरले यावर त्यांचा दिवस बरा किंवा वाईट जायचा. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी यायचे, आणि आल्यावर घरातही तेच करायचे. दाराशी त्यांनी जुन्या ऑफिसातले दोन ट्रे ठेवले होते, एकावर 'आवक', दुसऱ्यावर 'जावक'. लग्नाची पत्रिका, लाइटचं बिल, मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण, सगळं आधी आवकमध्ये, कोपऱ्यात तारीख टाकून. एकदा मी वर गेले तर आवकमध्ये एक नारळ होता. त्यालाही तारखेची चिठ्ठी चिकटवलेली.

व्हॉट्सॲपवर आपण सगळे एकमेकांना जे फुलांचे सुप्रभात पाठवत असतो, त्या प्रत्येकाला ते उत्तर द्यायचे. उत्तर एकच: "पोचले." माझ्या नणंदेने एकदा चुकून त्यांना दातांच्या डॉक्टरची पावती पाठवली. त्यालाही "पोचले."

आमच्याकडच्या आरतीचं बोलावणं साडेसातचं असलं तर ते सात दहाला खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसायचे, घड्याळ बघत, आणि साडेसातला बेल वाजवायचे. मी तेव्हा साडी नेसत असायचे. त्यांना दार उघडायला मला कधीच जमलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजण्याचं वय. इथल्या एका भारतीय शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचे. पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी लाल पेन असायचं. आणि माझ्या ओट्याखालच्या कपाटात निम्म्या मराठी दोह्याची भांडी होती. चोरलेली नव्हेत, परत करायची राहिलेली. कुणी डबा दिला की रिकामा परत द्यायचा नसतो, हे मला पक्कं ठाऊक. पण त्यात घालायचं ते डब्याला शोभेलसं हवं. मग नारळाच्या वड्या करू असं ठरायचं, मग वड्या नकोत, करंज्या करू, मग करंज्या दिवाळीतच बऱ्या लागतात, आणि दिवाळीला त्या घरून दुसरा डबा यायचा. शेवटी बायका काहीतरी निमित्त काढून माझ्याकडे यायच्या आणि बोलता बोलता आपला डबा उचलून न्यायच्या. एकीला तर मी तिच्याच डब्यातून पोहे वाढले होते. ती सज्जन बाई डब्याच्या झाकणावर कोरलेलं आपलं नाव बघत बघत पोहे खाऊन गेली.

अशा दोन माणसांच्या मध्ये, एक मजला वर आणि एक मजला खाली, आमच्या सईचा मेडिकलचा प्रवेश येऊन अडकला.

सई आमची एकुलती. ह्यांची बदली ह्यूस्टनला असताना जन्मली, म्हणून अमेरिकेचा पासपोर्ट; कॉलेजही तिकडे केलं. त्या उन्हाळ्यात ती घरी आली होती आणि तिकडच्या मेडिकल कॉलेजांना अर्ज करत होती. तिथली पद्धत अशी की पहिला अर्ज एकच, तो सगळीकडे जातो. मग प्रत्येक कॉलेज उलट आपापले प्रश्न पाठवतं: आमचंच कॉलेज का, तुमच्यावर कुणाचा प्रभाव पडला, कधी हरलात का. त्याला म्हणतात सेकंडरी. ती किती दिवसांत परत पाठवायची हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. पण अर्ज जसे येतील तसे वाचतात, मुलाखतीच्या जागा तशाच भरत जातात, म्हणून मुलं आपापसात म्हणतात, दोन आठवडे. त्याच्या आत गेली पाहिजे.

जुलैत बावीस कॉलेजांच्या सेकंडरी आल्या, आठवड्याभरात. बाहेर अंगण तव्यासारखं, आत सई लॅपटॉपसमोर, आणि मी तिच्या मागे लाल पेन घेऊन. तिने निबंध लिहायचे, मी तपासायचे, मग ती पाठवणार. मीच लावलेली शिस्त. तिने ती का मान्य केली कोण जाणे. बहुधा माझ्याशी वाद घालण्यापेक्षा बावीस निबंध लिहिणं सोपं वाटलं असेल.

काका ह्यात आले ते एका ताटलीमुळे. सई त्यांची ताटली द्यायला वर गेली. (तीन आठवडे माझ्याकडे होती. सईनेच शोधून काढली.) ते म्हणाले, तोंड का उतरलंय? तिने सगळं सांगितलं. कॉलेज कुठलं, फी किती, डॉक्टर होऊन काय करणार, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "आलं कधी?"

तिला तारखा आठवेनात. ते चप्पल घालून खाली आले. आमच्या पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती. त्यांनी माझे टॉवेल काढून मला घडी करून दिले आणि त्या दोरीवर बावीस चिठ्ठ्या चिमट्यांनी लावल्या. प्रत्येकीवर कॉलेज आणि आल्याची तारीख. मग आम्हाला समजावलं. बंदरात कंटेनर उतरला की काही दिवस मोकळे असतात, त्यानंतर तो नुसता उभा राहिला तरी भाडं चढतं. इथेही तेच. "घरात आलेल्या कागदाने दोन शुक्रवार बघायचे, वैनी. तिसरा नाय."

मी म्हटलं, भाऊजी, हे निबंध आहेत, कंटेनर नाहीत. यात भाषा असते, विचार असतो. ते म्हणाले, असूदे की. कंटेनरमध्येही काही ना काही असतंच.

त्या दिवसापासून बसमधून उतरले की ते आधी आमच्या पॅसेजमध्ये यायचे. हातातली पिशवी खाली न ठेवता दोरी वाचायचे. एखादी चिठ्ठी गेलेली दिसली की "खलास" म्हणायचे आणि तो चिमटा खिशात घालायचे. माझे चिमटे. सई त्यांच्या तालावर लागली. दिवसाला एक, कधी दोन. माझ्याकडे तपासायला आलं की मी स्वल्पविराम हलवायचे, मग परत होता तिथे आणायचे. तरी निम्म्या चिठ्ठ्या उतरल्या.

एक उतरत नव्हती.

ते सईचं सगळ्यांत आवडतं कॉलेज. बाकीची एकवीस मिळाली नसती आणि हे मिळालं असतं तरी तिला चाललं असतं. त्यांचा प्रश्न होता, तुमच्याहून अगदी वेगळ्या माणसाकडून काय शिकलात? तिने एका बैठकीत लिहून माझ्याकडे दिलं. मी वाचलं आणि म्हटलं, ठेव, बघते. पहिला आठवडा ती रोज विचारायची, मी रोज म्हणायचे, बघतेय; मग बाकीच्यांच्या गडबडीत तिचं विचारणं थांबलं. दोरीपुढून जाताना मी त्या चिठ्ठीवर एक टॉवेल टाकून ठेवायला लागले.

तिसऱ्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर काका चहाला आले आणि दोरीपाशी थांबले. टॉवेल उचलला. चिठ्ठी वाचली. बोटांवर मोजलं.

"एकोणीस," ते म्हणाले.

सई खोलीतून बाहेर आली. तिला वाटत होतं, मी ते केव्हाच परत दिलंय आणि तिच्याकडूनच पाठवायचं राहिलंय की काय. तिने लॅपटॉप उघडला, बघितलं, आणि माझ्याकडे वळली. "आई, इट्स विथ यू. इट्स बीन विथ यू द होल टाइम."

मी शाळेतला आवाज काढला. म्हटलं, त्यात काम बाकी आहे. विषयच चुकलाय. तू दोन वर्षं लॅबमध्ये काम केलंस, हॉस्पिटलात रुग्णांबरोबर बसलीस, त्यातल्या कुणावर लिहायचं सोडून हे काय? अमेरिकेतले प्रोफेसर हे वाचून काय म्हणतील?

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

मग सईने लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. ते चष्मा लावून, ओठ हलवत, एकेक ओळ वाचू लागले. निबंध त्यांच्यावरच होता.

सईने लिहिलं होतं की आमच्या वर एक माणूस राहतो, तो कुणाची वाटी पाऊण तासापेक्षा जास्त ठेवत नाही. रिकामी देत नाही, पण भारी काही घालायचं म्हणून थांबतही नाही. घरात असेल ते घालतो. आणि हॉस्पिटलात बसायची तेव्हा तिला कळलं की रिपोर्ट, फोन, उत्तर, हे जे डॉक्टरच्या हातात असतं ती दुसऱ्याची वाटी असते. पलीकडे कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं असतं.

काकांचं बोट मध्येच थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"वैनी," ते म्हणाले, "ह्यात तुम्ही पण आहात की."

होते. दोनच ओळी होत्या. 'खालच्या मजल्यावर माझी आई राहते. आमच्या घरी भांडी पाहुणी येतात आणि सून होऊन राहतात.' इंग्रजीत ते जास्तच झोंबत होतं. विषय चुकला, भाषा, प्रोफेसर, यातलं एकही कारण खरं नव्हतं. चोपन्न वर्षांच्या, लाल पेनवाल्या, सीनियर इंग्रजीच्या बाईंनी पोटच्या मुलीचं आवडतं कॉलेज एकोणीस दिवस टॉवेलखाली दाबून ठेवलं होतं, कारण अमेरिकेतल्या कुणा अनोळखी माणसाला तिच्या ओट्याखालचं कपाट कळणार होतं.

सई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, "मला एकदा सांगायचंस ना. मी दोन ओळी काढल्या असत्या."

काका अजून हसतच होते. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि गंभीर झाले. म्हणाले, एक चूक आहे. आमरसाची वाटी पाऊण तासात नव्हे, चाळीस मिनिटांत परत केली होती. सईने ते दुरुस्त केलं. मग ती माझ्याकडे बघत थांबली. त्या दोन ओळींवर कर्सर लुकलुकत होता.

मी म्हटलं, "राहू दे."

"यल्ला, चला," काका म्हणाले. सईने बटण दाबलं.

त्या दिवशी ते चहा न घेता वर गेले. चहा न घेता जाणारे ते नव्हेत. वीस मिनिटांनी वरून एक वाटी आली. आमची नव्हे, त्यांचीच. आत साखर, वर चिठ्ठी. "निबंध एक. वाचला. तक्रार नाही."

यानंतर मी सुधारले, आणि ते भयंकर झालं. माझ्या अंगात काका संचारले. पुढच्या सेकंडरी मी सकाळी घेऊन दुपारी परत द्यायला लागले. शेवटची उरली तेव्हा सई बाबांबरोबर अल वक्राला समुद्रावर गेली होती. मी फोन केला, गं, ही तयारच दिसतेय, पाठवू का? ती म्हणाली, नुसतं एकदा वाचून घे. मी वाचलं, म्हणजे स्वल्पविराम वाचले, आणि पाठवून दिलं. संध्याकाळी सईने उघडून बघितलं. फ्लोरिडातल्या त्या कॉलेजला आम्ही कळवलं होतं की तुमच्याकडचा बर्फ मला लहानपणापासून खुणावतो. वर नाव आणखी तिसऱ्याच कॉलेजचं. जुन्या निबंधावर नवा लिहिताना सईने अर्धंच बदललं होतं आणि उरलेलं माझ्या भरवशावर सोडलं होतं.

त्यांचा नकार सगळ्यांत आधी आला. मी रडवेल्या चेहऱ्याने काकांना सांगितलं. त्यांनी तारखा बघितल्या आणि आदराने मान हलवली. "काम चोख आहे हो त्यांचं," म्हणाले. "अशा लोकांकडे नोकरी करावी."

त्या आवडत्या कॉलेजचं मात्र काहीच येईना. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दुसऱ्या दोन-तीन कॉलेजांनी मुलाखतीला बोलावलं, सई जाऊन आली. मी रोज सकाळी उठून एकोणीसमधून चौदा वजा करायचे. पाच. त्या पाच दिवसांत माझ्या पोरीची जागा कुणाकडे गेली असेल? चिठ्ठी अजून दोरीवर होती. काका ती काढू देत नव्हते. उशिरा गेलेल्या कागदाचं उत्तर आल्याशिवाय जावक पूर्ण होत नाही, असा त्यांचा नियम. टॉवेल आम्ही दाराच्या कडीला वाळवत होतो.

नोव्हेंबरात बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या वयस्क बाईंनी सईला रिसर्चबद्दल विचारलं, हॉस्पिटलबद्दल विचारलं, आणि शेवटी कागद मिटून विचारलं, तुझ्या आईने ती भांडी परत केली का? सई म्हणाली, अजून नाही. बाई म्हणाल्या, माझ्याकडे शेजारणीचं एक पातेलं आहे, चार वर्षं झाली.

मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. मी पेढ्यांचा डबा घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. तेव्हा गुडघे होते. धापा टाकत म्हटलं, "एकोणीस दिवस, भाऊजी. तरी मिळालं. मग तुमच्या दोन शुक्रवारांचं काय?"

त्यांनी पेढे आवकमध्ये ठेवले. तारीख टाकली. म्हणाले, "उशिरा आलेलं जहाजसुद्धा धक्क्याला लागतं, वैनी. म्हणून कोणी उशिराचं वेळापत्रक छापत नाय." मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आणि आतला माल चांगला होता."

डबा पंचवीस मिनिटांत परत आला. द्यायला ते स्वतः आले, दोरीवरची चिठ्ठी उतरवली, आणि माझे बावीस चिमटे माझ्या हातात ठेवले.

दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गुहागरला गेले. पहाटेच्या विमानाने जाणार म्हणून आदल्या संध्याकाळी निरोप घेऊन गेले होते. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर स्टीलचा उभा डबा. झाकणावर त्यांच्या आईचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं. आत गुहागरची कोकमं. चिठ्ठीवर नेहमीचा मजकूर नव्हता. "रिकामा देऊ नका. अडकवूनही ठेवू नका."

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची.

मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. कोकमं संपली. त्या डब्यात साधं काही घालणं मनाला पटेना. मग त्यात तमालपत्रं ठेवली, तात्पुरती. मध्ये दोह्यात मेट्रो आली, आम्ही घर बदललं, मी नोकरी सोडली, सई डॉक्टर झाली, तिचं लग्न झालं, आणि मी आजी झाले. त्यांना मी सुप्रभात पाठवते, ते "पोचले" म्हणतात. डब्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. तो माणूस सात वर्षं दार उघडं ठेवून बसला आहे हे मला दर सकाळी त्या एका शब्दातून कळतं.

या महिन्यात सई लेकीला घेऊन आली. बिर्याणीसाठी तमालपत्र शोधायला तिने कपाट उघडलं आणि डबा घेऊन बाहेर आली. झाकणावरचं नाव वाचलं. नव्या घराच्याही पॅसेजमध्ये दोरी आहे; तिथे गेली, टॉवेल काढले, आणि एक चिठ्ठी चिमट्याने लावली: 'डबा. आवक: सात वर्षांपूर्वी.' मग म्हणाली, इथून आम्ही पुण्याला आणि तिथून गुहागरला काकांकडे जाणार आहोत, बाळ दाखवायला. "यू हॅव फोर्टीन डेज, आई."

पहिल्या आठवड्यात मी बेसनाचे लाडू केले. ते बसले. चिरोटे केले, ते तुटले. ड्रायफ्रूटची बर्फी केली, ती चांगली झाली म्हणून आम्हीच संपवली. परवा सईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, बघतेय, आणि तिने नुसतं कडेवरच्या बाळाला सांगितलं, "लिसन टू युअर आज्जी."

आज तेरावा दिवस. डब्यात भारी काही घालायचं नाही, घरात असेल ते घालायचं. घरात हे कागद होते आणि माझं लाल पेन. ही सगळी गोष्ट एका बैठकीत लिहिलीय. स्वल्पविराम तपासलेले नाहीत. घडी घालून बघितली, झाकण व्यवस्थित लागतं. मोकळ्या जागेत मूठभर शेंगदाणे टाकलेत. चिठ्ठीही लिहून ठेवली आहे.

"डबा एक, स्टील. कोकमं मिळाली. तक्रार नाही. सोबत तुम्ही. तमालपत्राचा वास येईल, समजून घ्यावे. चाळीस मिनिटांत परत करू नये. वाचायला तेवढी पुरणार नाहीत."